जिवतीच्या कहाणीला हुंकार

जिवतीचं आणि माझं त्या साली वाकडं होतं, हे आधीच सांगून टाकते. देवाविषयी असं बोलू नये म्हणतात. पण जिनं लेकरं राखायची तिनंच माझी ठकी नेली, मग मी काय तिला ओवाळत बसू? उन्हाळ्यात गोवर आला आणि नुकती कुठं भिंत धरून उभी राहायला लागलेली पोर गेली. आदल्याच श्रावणात दर शुक्रवारी मी तिला मांडीवर घेऊन जिवतीपुढे पुरणाचे दिवे लावले होते. कुठं गेले ते दिवे? मी कुणाला विचारलं नाही, कारण असलं विचारणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात. मनातल्या मनात मात्र रोज भांडत होते.

आमचं गाव गेवराईच्या अलीकडे, गोदावरीच्या अंगाला. निजामाचं राज्य होतं. त्या पावसाळ्यात गावात उंदीर मरून पडायला लागले, तशी दवंडी फिरली की गाव खाली करा, पिलेग आला. सगळे रानात झोपड्या घालून राहिले. तुराट्यांचे कूड, वर पाचटाचं छप्पर. एक झोपडी दुसरीपासून लांब, कारण जो तो दुसऱ्याला भ्यायचा. आमच्या झोपडीत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. हे जालन्याला कापसाच्या जिनात कामाला गेले होते आणि वाटेवर पहारे बसल्यामुळे तिकडून काही खबर येत नव्हती. हे आत्याबाईचे एकुलते एक. तिचा सगळा जीव त्या जालन्याच्या वाटेवर.

आता आमच्या घरातली रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. श्रावणातल्या शुक्रवारी आत्याबाई जिवतीची कहाणी सांगायची. ती कुठल्या पोथीतली नव्हती, तिच्या सासूकडून तिला आलेली. कहाणी संपेपर्यंत ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. ऐकणारीनं मुठीत गहू धरायचे आणि वाक्यावाक्याला हूं म्हणायचं. हुंकार नसेल तर कहाणी वाटेतच बसून राहते, देवीपर्यंत पोचत नाही, असं ती म्हणे. कहाणी पोचली की मग लेकरू ज्या दिशेला असेल तिकडं अक्षता टाकायच्या. एरवी हुंकार माझाच असायचा. पण जिचं लेकरू त्या वर्षात गेलं तिनं ही कहाणी ऐकायची नाही, हीही त्याच सासूची रीत. म्हणजे मी बाद. माझ्यासारखीनं दाराबाहेर बसायचं.

त्या शुक्रवारी आत्याबाईला ताप होता. गाठ नव्हती, पिलेग नव्हता, साधा हिवताप. पण अंग नुसतं भाजत होतं आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. तरी सकाळीच उठून तिनं जिवतीचा कागद सुपाला चिकटवला, आघाड्याची माळ घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जा, कुणाला तरी बोलावून आण. हूं म्हणाया."

मी गेले. पहिल्या झोपडीतली शेजारीण लांबूनच ओरडली, "तुमच्यात ताप हाय, हिकडं येऊ नगंस!" दुसरीनं दाराला ताटी लावून घेतली. तिसरीच्या नवऱ्यानं काठी उगारली. मी परत येऊन म्हटलं, "कुणी येईना. आत्याबाई, पाणी घ्या. तुळशीला सांगा कहाणी, नाहीतर चुलीला सांगा."

"जित्या तोंडाचा हूं पायजे, पोरी."

"मग मी म्हणते की!"

त्यावर तिनं डोळे मिटून घेतले. "तुला कसं सांगू गं," एवढंच म्हणाली. मला राग आला आणि रडूही आलं. मी तांब्या तिच्या तोंडाशी नेला, तिनं दात आवळून धरले. दुपार कलली तशी तिची जीभ जड व्हायला लागली. ही म्हातारी रीतीपायी तहानेनं मरणार आणि मी बाहेर बसून बघणार, असं मला वाटायला लागलं. मी जिवतीच्या कागदाकडे बघून म्हटलं, बाई, एक नेलंस, आता हिला तरी सोड. ती काही माझी प्रार्थना नव्हती, तो वैतागच होता.

तेवढ्यात बांधावरून एक बागवानीण येताना दिसली. डोक्यावर जांबांची, म्हणजे पेरूंची, पाटी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. गेवराईची होती. गावात गेली तर गाव ओसाड, म्हणून रानारानानं फिरत होती. मी म्हटलं, "इकडं येऊ नका, आमच्यात ताप हाय." ती म्हणाली, "ताप कुणाच्यात न्हाई, बाई? पानी हाय का थोडं?"

ती पाणी प्यायली, आणि आतून आत्याबाईचं कण्हणं ऐकून विचारलं, "अम्मा कावून पीत न्हाई?" मी सगळं सांगितलं. मनात म्हटलं, मुसलमानाची बाई, तिला काय त्याचं. ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "एवढंच ना? बसते की मी." आणि चपला काढून सरळ आत गेली.

मला धास्ती होती की आत्याबाई तिला बाहेर काढेल. पण बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघून आत्याबाईनं तिच्या हातात गहू दिले. मी बाहेर कुडाला टेकून बसले. तुराट्यांचा कूड तो, कानाला काय अडवणार?

कहाणी अशी. एक आटपाट नगर होतं. जिवती म्हातारी होऊन, काखेला एक लेकरू घेऊन गावात आली. म्हणाली, मला लांब जायचं हाय, माझं लेकरू कुणी संबाळाल का? एक म्हणाली, माझं दळण राहिलंय. एक म्हणाली, माझा तवा तापलाय. शेवटी गावकुसाजवळच्या एका सुनेनं ते घेतलं. अर्धी भाकरी त्याला दिली, पदराखाली निजवलं. वाक्यावाक्याला बागवानीण "हौ, अम्मा, हौ," म्हणत होती. तिला हूं येत नव्हतं, हौच यायचं. पुढं जिवती परत आली, आपलं लेकरू घेतलं, सुनेवर प्रसन्न झाली, तिच्या घराचं गोकुळ झालं. आत्याबाई इथवर आली आणि शेवटाचं बोलणार, तोच बागवानीण म्हणाली, "थांबा अम्मा. लेकरू नेलं, तवा त्या सुनंचं काय झालं?"

कहाणीत असं कुणी विचारत नाही. मीही इतके श्रावण हूं म्हटलं, कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, झालं, कहाणी बसली वाटेत.

मग आत्याबाई हळू म्हणाली, "ती लई रडली."

"हौ. आन् देवी?"

"देवी बी रडली. म्हणली, बाई, लेकरू माझं व्हतं, मी नेते. पर तुझ्या पदराचा वास ह्याच्या अंगाला लागलाय. तेवढा मी धुनार न्हाई. वास आला की हे तुला हुडकंल, मी हात धरून आणीन."

"हौ, अम्मा," बागवानीण म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. ठकी गेल्यापासून मी लोकांसमोर रडले होते, रीतीसाठी रडले होते. तसं पोटातून त्याच दिवशी रडले.

कहाणी संपली, अक्षता जालन्याकडे पडल्या, आणि आत्याबाई तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. बागवानीण बाहेर आली, पाटीतले दोन जांब माझ्या ओटीत टाकले. मी म्हटलं, तुम्हाला किती लेकरं? ती चपला घालत होती. खाली बघूनच म्हणाली, "एक व्हतं. ह्या रमजानला गेलं." पाटी मीच तिच्या डोक्यावर चढवली. ती गेली. तिचं नाव, तिच्या लेकराचं नाव, विचारायचं सुचलंच नाही.

मी आत आले ती हबकूनच. जिनं ऐकू नये अशा त्या बागवानिणीनंच कहाणी ऐकली होती आणि पाणी तर पिऊन झालं होतं. लपवावं असंही वाटलं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. सांगून टाकलं. आत्याबाईनं जिवतीच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी आईला ठावं व्हतं. म्हनून तिलाच धाडली." थोड्या वेळानं कुशीवर वळली आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी तू आत बस, पोरी. हूं तूच म्हण. माझ्या सासूला मी बघून घेईन वर गेल्यावर."

पुढचा शुक्रवार तिला मिळाला नाही. त्या रात्री ताप उतरला होता, मी निर्धास्त झाले होते. पण तो परत चढला आणि दोन दिवसांत ती गेली. जालन्याहून हे आले तेव्हा राख गोदावरीत सोडून झाली होती.

तो शेवट कहाणीत पहिल्यापासून होता आणि सासवांनी गाळला होता, की आत्याबाईनं त्या बाईचं तोंड बघून तिथंच जोडला, हे मला आजवर कळलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटतं. पण विचारण्याहून मोठं राहिलं ते वेगळंच. इतकी वर्षं मी तिला सवयीनं हूं म्हटलं, कधी अर्धं लक्ष चुलीवर ठेवून. कहाणी खरी कळल्यावर एकदा तरी तिच्यासमोर बसून म्हणायचं होतं. ते राहून गेलं. हे दुःख जुनं होत नाही.

जिवतीशी माझं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, पण आता ते घरातल्या माणसाशी असावं तसं आहे. तिनं माझं का नेलं ते तिचं तिला माहीत. मी हात जोडून मोकळी होते. पुढं मला लेकरं झाली, सुना आल्या, कहाणी आता मी सांगते, त्या शेवटासकट. गावात जिची कूस त्या वर्षी उजाड झाली असेल तिला मी आधी बोलावणं धाडते आणि गहू तिच्या मुठीत देते. कुणी नाकं मुरडतात. मुरडू देत.

आणि अक्षता टाकायच्या वेळी, माझी लेकरं चारी दिशांना असली, तरी पहिली मूठ मी गेवराईकडे टाकते. बागवानिणीच्या त्या लेकराचं नाव मला माहीत नाही. पदराच्या वासावरून जिवती ओळखेल.