वहिनींनी गप्प बसायचं

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर बायकांचे केस कापायचं एक दुकान आहे. तिथे कात्री जास्त चालते की मालकिणीचं तोंड, यावर गिऱ्हाइकांचं अजून एकमत झालेलं नाही. सगळे तिला वहिनी म्हणतात. तिचा नवरा शेजारच्या टपरीत कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो. जगाची कुलपं उघडणाऱ्या या माणसाचं तोंड मात्र कुणाला उघडता आलेलं नाही. गल्लीत त्याला घुम्या म्हणतात. त्याला त्याचा राग नाही, कारण रागवायचं तर बोलावं लागेल.

डॉक्टरांनी त्याला विचारावं, "कुठे दुखतंय?" तर वहिनी सांगणार, "डावा गुडघा, आणि जिना चढताना जास्त." शिंप्याने विचारावं, "कंबर सैल ठेवू?" तर वहिनी म्हणणार, "ठेवा, हिवाळ्यात सुटते त्यांची." संसार असा छान चालला होता. घोडं अडलं ते तळ्यापाशी.

कडाक्याच्या थंडीत तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरली की गावातली काही शहाणी माणसं पाण्यात उतरतात. शहाणी हे त्यांचंच म्हणणं. त्यांचा म्होरक्या औषधाच्या दुकानाचा मालक, त्यामुळे नियम कडक. आधी हृदय तपासून घ्यायचं. एकट्याने जायचं नाही, दारू पिऊन तर नाहीच नाही. उडी मारायची नाही, पायऱ्यांवरून सावकाश उतरायचं, श्वास ताब्यात आला की पुढे जायचं आणि मिनिटाभरात बाहेर यायचं. कंबरेला दोरी हवी. आणि आत असेपर्यंत काठावरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, कारण गारठलेल्या माणसाची जीभ जड होते. उत्तर आलं नाही की दोरी ओढलीच म्हणून समजा.

घुम्याला या डुबकीचं भारी वेड. आयुष्यात त्याने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. पण दर वर्षी तेच व्हायचं. तो गळ्यापर्यंत उतरायचा, औषधवाला विचारायचा, "ठीक आहे ना?" आणि घुम्या ढिम्म. मग तिघं मिळून त्या ठणठणीत माणसाला ओढून काढत आणि ब्लँकेटात गुंडाळत. मान हलवायची सवलत द्यावी, तर कुडकुडणाऱ्याची मान तशीही हलतेच. हात वर करायला सांगावं, तर हात बधिर. एकदा शिट्टी दिली. ती त्याने खुशीत फुंकली आणि अँब्युलन्स आली.

"हे शेवटचं," औषधवाल्याने यंदा बजावलं. "ओढून ओढून माझी पाठ गेली. या खेपेला बोलला नाहीत, तर पुढच्या वर्षी घेणार नाही."

घुम्याने मान खाली घातली. वहिनीला ते बघवेना. या माणसाला त्याचं एक मिनिट मिळालंच पाहिजे, असं तिने मनाशी घेतलं. "मी येते काठावर," ती म्हणाली. "माझ्यासमोर कसे बोलत नाहीत ते बघतेच."

रविवारी सकाळी घुम्या गळ्यापर्यंत उतरला. श्वास ताळ्यावर आला.

"कसं वाटतंय?" औषधवाल्याने विचारलं.

"गार वाटणारच ना, भाऊजी!" वहिनी म्हणाली.

"तुम्ही नाही वहिनी, ते. आज वार कोणता?"

"रविवार!" पुन्हा वहिनीच. दोरी ताणली गेली.

"वहिनी, तुमच्यापायी बाहेर ओढावं लागेल हं त्यांना."

वहिनीला मनापासून लाज वाटली. इतक्या वर्षांत आपण याच्या उत्तराची कधी वाटच पाहिली नाही, हे तिला तिथे, पाय गारठलेले असताना कळलं. तिने टॉवेलचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी घट्ट धरलं.

"दुकान कुठे तुमचं?"

काठावर चिडीचूप. वहिनीचा जीव टांगणीला लागला.

"पेठेत," घुम्या म्हणाला. "कोपऱ्यावर. हिच्या शेजारी."

दोरी धरणारे एकमेकांकडे बघायला लागले.

"किल्ली बनवायला काय लागतं?"

"कानस. आणि शांतता." मग त्याची नजर काठाकडे गेली. "ही बोलत का नाही?"

"मीच सांगितलंय. अजून अर्धं मिनिट."

"नाही, हिला काहीतरी होतंय. झोपेतसुद्धा बोलते ही. तोंड बघा कसं लाल झालंय!"

वहिनीने दोन्ही हातांनी खुणा केल्या, आतच थांबा, आतच थांबा. तोंडात टॉवेल असलेल्या बाईने केलेल्या त्या खुणा गुदमरल्यासारख्याच दिसल्या. घुम्या पायऱ्या चढून वर आला, दोरीसकट.

"अहो, परत जा!" टॉवेल काढून वहिनी ओरडली. "तुमचं मिनिट राहिलंय!"

"राहू दे."

"एवढी वर्षं जीव टाकत होतात ना त्याच्यासाठी?"

"तू बोलत नव्हतीस." त्याचे दात वाजत होते. "मला वाटलं, तू गेलीस."

औषधवाल्याने मिनिट मोजायचं घड्याळ खिशात टाकलं. "आज पुन्हा आत जायचं नाही, तो नियम आहे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी या. बोलता येतं तुम्हाला. फक्त वहिनींना घरी ठेवा."

"मग नाही येत," घुम्या म्हणाला.

वहिनीने त्याला कोरडे कपडे चढवले, ब्लँकेटात गुंडाळलं आणि त्याचं डोकं पुसायला घेतलं. डोळे तिचेही पुसायला आले होते.

"फार गार होतं का हो?" तिने विचारलं, आणि ओठ मिटून उत्तराची वाट बघत उभी राहिली. उत्तर यायला बराच वेळ लागला.