पानं धुण्याचं पाणी

वाघमारे सर माझ्या ढोकीच्या वर्कशॉपात पहिल्यांदा आले ते बहात्तरच्या दुष्काळात, सायकलच्या हँडलला तरवडाच्या फांद्या बांधून. त्यांना काचेची बंद पेटी हवी होती. हात घालायला दोन भोकं, पण धूळ आत जाता कामा नये. वेल्डिंग, काचकाम मी कुणाकडे शिकलो नाही. पेटी केली. तिचे सांधे आजही तपासून घ्यावेत.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. निरोगी पानाच्या आतही बुरशी राहते, झाडाला न दुखवता. ती जंतूंना रोखत असेल तर तिच्यातून नवं औषध निघेल, हा सरांचा ध्यास. त्यासाठी पानावरचे बाहेरचे जंतू मारायला ते जंतुनाशकात बुडवायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं, मग तुकडे जंतू पेरलेल्या बशीत ठेवायचे. प्रयोगशाळा म्हणजे माझं पत्र्याचं शेड.

शेजारच्या सखूमावशी म्हणायच्या, "सर, माणसं बिनआंघुळीची हिंडायलीत अन् तुमी पानं न्हाऊ घालायलाव व्हय?"

"माझ्याच आंघोळीचं पाणी हाय, मावशी."

"मंग जरा लांब बसा."

एकदा बुरशी उगवलेल्या तुकड्याभोवती जंतू वाढलेच नाहीत. स्वच्छ कडं पडलं. गावच्या शेतकरी सोसायटीचे चेअरमन अण्णा लगेच आले. "सर, उद्या सभेत सांगू. गोदामाशेजारची खोली तुमच्या प्रयोगाला." त्या खोलीसाठी सरांनी किती खेटे घातले होते, ते मी पाहिलं होतं.

सरांनी दुसरी बशी पुढं केली. त्या तुकड्यावर बुरशी उगवलीच नव्हती, तरी कडं तसंच. "अण्णा, हे जंतुनाशकाचं काम. टंचाईत आपण धुण्याचं पाणी वाचवलं, म्हणून जंतुनाशक पानात राहिलं."

"सभेत कोण इचारणार हाय?"

"मी हाय की."

खोलीत खताची पोती गेली. सरांनी शेडातच पहिल्यापासून सुरुवात केली. पुढं पाऊसपाणी झाल्यावर निव्वळ बुरशीमुळं पडलेली कडीही दिसली. पाहुण्यांना ती दाखवताना सर मला शेजारी उभं करून म्हणत, "हे माझे सहकारी." एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी सुचवलं, 'सरांनी औषध शोधलं' असं लिहा. तसं लिहिलं तर सर स्वतः खोडतील. औषध अजून झालेलं नाही, काम चालू आहे. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते वाक्य मला त्यांच्यासमोर लिहिता येवो.