माझ्या बाळंतपणाला आलेली ती कुणाकडची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते — मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते. मांजर आडवं गेलं तर मांजराला काही काम असेल, असं मानणारी बाई आहे मी. ग्रहणात भाजी चिरलेली आहे, तीही गरोदरपणात आणि सासूच्या देखत. तेव्हा 'हिला भास झाला असेल' असं ज्यांना वाटेल त्यांना सांगते, तुमच्या आधी मी ते स्वतःला शंभरदा म्हणून पाहिलंय. घरात पहिलटकरीण असेल तर तिनेही हे वाचायला हरकत नाही... शेवट चांगला आहे.

गोष्ट २००१ सालची. माझं सासर शिरूर तालुक्यातलं न्हावरे आणि माहेर दौंड. सासरी ऊस, कांदा, चार म्हशी. माझे मिस्टर दत्ता रांजणगावला कंपनीत. माहेरी आई आणि रेल्वेतून रिटायर झालेले वडील. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून इथेही आत्याच लिहिते.

तिसऱ्या महिन्यात न्हावऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं. कार्ड मिळालं, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं मिळाली. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ते बघून मी मृत्युपत्र करायच्या बेतात होते. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "व्हायचंच ते. गोळ्या बंद करायच्या नाहीत." दर खेपेला वजन, बीपी, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके. सगळं व्यवस्थित. सातव्यात ओटी भरली आणि आठव्यात मी दौंडला आले.

आता एक घरगुती भानगड सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. आमच्या लग्नात माझ्या आईने आत्यांच्या थोरल्या बहिणीला सरळ विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडच्या?" झालं! सख्ख्या मावससासूला ओळखलं नाही म्हणून ती माउली पंगतीतून उठली. तेव्हापासून दोन्ही विहिणी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या, की ऐकणाऱ्याला भीती वाटावी. आणि दोघींनी मनाशी एक खूणगाठ बांधली होती — समोरच्यांकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला 'तुम्ही कोण' म्हणून विचारायचं नाही. मेलं तरी नाही.

नववा लागून दहा-बारा दिवस झाले होते. सकाळचे दहा वाजले असतील. आत्या न्हावऱ्याहून एसटीने आल्या होत्या. सोबत तुपाची बरणी आणि आळिवाची पिशवी. आईने कपाट उघडून दाखवलं, की तूप आणि आळीव आमच्याकडे आधीच आहे, 'पण तुमचं तूप काही वेगळंच हो.' आत्या म्हणाल्या, "व्हय, म्हशीच्या दुधाचं हाय ना." दोघी हसल्या. मी बाहेरच्या खोलीत कॉटवर पडले होते आणि माझं डोकं कोणीतरी आतून हातोडीने ठोकत होतं.

"पित्त आहे," आई म्हणाली. "आमसूल चोख."

"उष्णता हाय," आत्या म्हणाल्या. "धन्याचं पानी द्या."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि आपापलं औषध करायला लागल्या. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कोणीतरी पायाशी बसलं. कॉट थोडी दबली, हे मला नक्की आठवतं. आणि माझ्या नडगीवर एक बोट रुतलं.

"खड्डा पडतोय बघ," आवाज आला. "पाय कवापास्नं सुजलाय?"

"चार दिवस," मी म्हणाले. मला वाटलं, आत्यांबरोबर कोणी आलं असेल. डोळे उघडायचीही ताकद नव्हती.

"डोळ्याम्होरं काजवं येत्यात?"

"येतात."

"मग पडलीस काय ही? ऊठ."

आई आमसूल घेऊन आली, आत्या धन्याचं पाणी घेऊन आल्या, आणि दारातच कोणाचं आधी द्यायचं यावरून अत्यंत प्रेमळ भांडण सुरू झालं. तेव्हा ती पायाशी बसलेली म्हणाली, "दोघींचं बी ऱ्हाऊ द्या. रिक्षा बोलवा. आत्ताच्या आत्ता दवाखाना."

आणि काय आश्चर्य... दोघी गप्प! आईला वाटलं, ही आत्यांकडची वडीलधारी. हिचं ऐकलं नाही तर पुन्हा लग्नासारखं व्हायचं. आत्यांना वाटलं, ही माहेरची मानाची बाई. दोघींनी एकदम पदर खोचला. माझ्या आईने आमसुलाची वाटी देव्हाऱ्यात ठेवली आणि उदबत्तीचं पुडकं पिशवीत घातलं, इतकी तिची धांदल उडाली.

रिक्षा आली. दौंडचे खड्डे आणि नववा महिना — यावर वेगळा लेख होईल. मी कोणाच्या तरी खांद्यावर डोकं टाकलं होतं आणि कानाशी सारखं, "बोल माझ्याशी. झोपू नगं. तुझ्या वर्गात पोरं किती?" असं चाललं होतं. मी पटावरची नावं सांगत होते. 'पवार'पर्यंत आले तेव्हा दवाखाना आला.

डॉक्टर मॅडमनी बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या हातावर घेतलं. वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. लघवी तपासली, त्यात प्रोटीन. तोपर्यंत हसऱ्या असलेल्या मॅडमचा चेहराच बदलला.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"काल संध्याकाळपासून. पित्त आहे असं..."

"हे पित्त नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून घरी थांबला असतात तर झटके आले असते. तुम्हालाही धोका आणि बाळालाही."

हे ऐकून आईने भिंत धरली आणि आत्यांनी आईला धरलं. लग्नानंतर त्या दोघींनी एकमेकींना हात लावल्याचं मी प्रथमच पाहिलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. मी सिस्टरना औषधाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, मॅग्नेशियम सल्फेट. अहो, ते मी प्रयोगशाळेत पोरांना बरणीत दाखवते! ते माझ्या दोन्ही कुल्ल्यांत गेलं. लसूण ठेचावी तसं दुखलं. लघवीला नळी, हाताला सलाईन, दर थोड्या वेळाने बीपीचा पट्टा. त्याशिवाय एनिमा नावाचा एक प्रकार असतो, त्याबद्दल मला एकाही मैत्रिणीने सावध केलं नव्हतं. त्या मैत्रिणींना मी अजून माफ केलेलं नाही.

बीपी आटोक्यात आल्यावर कळा यायचं औषध सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळांनी चांगलाच जोर धरला. लेबर रूममध्ये मॅडम, सिस्टर आणि एक आयाबाई. बाकी कोणाला आत सोडत नव्हते. तरी माझ्या कमरेवर मागून एक हात होता. खरबरीत, गरम, आणि बरोबर जिथे दुखत होतं तिथेच.

"आत्ता नगं जोर लावू," मागून आवाज. "फुंकर मार. चुलीला मारतीस तशी."

"आमच्याकडे गॅस आहे!" मी किंचाळले.

सिस्टर दचकल्या. "ताई, गॅसचं काय?"

"फुंकर कशी मारायची ते मला येत नाही!"

"येतंय की," सिस्टर म्हणाल्या. "मारताय ती फुंकरच आहे. अशीच मारा." आणि पुढच्या कळेला मॅडम आणि तो मागचा आवाज दोन्ही एकदम म्हणाले, "हां, आता!"

दुपारी बारा-सव्वाबाराला मुलगी झाली. सव्वादोन किलो. क्षणभर रडलीच नाही. त्या एका क्षणात मी सगळं विज्ञान विसरले आणि जेवढे देव माहीत होते तेवढ्यांना एका दमात हाका मारल्या. मग ती रडली, आणि अशी रडली की बाहेर माझे वडीलही रडायला लागले. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. माझं टेबल भिंतीला अगदी चिकटून होतं... पण त्या वेळी मुलीकडे बघायचं सोडून भिंतीकडे कोण बघतंय?

खरी गंमत बारशाला झाली. दुपारी बायका जमलेल्या, पाळणा बांधलेला. आईने एक साडी काढली आणि आत्यांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडच्या त्या आजींना. त्यांनी वेळेवर उठवलं म्हणून माझी लेक आहे. बारशाला का नाही आणलंत त्यांना?"

आत्यांनी आईकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि हळूच स्वतःच्या पिशवीतून एक साडी काढली. "म्या तर ही तुमच्या आजीसाठी आनलीया."

"आमच्या कुठल्या?"

"रिक्षा बोलवा म्हनली ती."

"अहो, ती तुमची!"

"आमची कशाला? तुमच्याकडची. गोरी, उंच, सहावारी पातळ, डोळ्याला चष्मा. रेल्वेवाल्यांतली वाटली मला. म्हनून तर म्या तिच्याम्होरं तोंड उघडलं न्हाई."

आईने मान हलवली. "चष्मा कुठला? बुटकी, सावळी. हिरवं लुगडं. हनुवटीवर गोंदण. तुमच्या भावकीतली असणार म्हणून मी गप्प."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी तर डोळे उघडून तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मग सगळ्यांनी दत्ताला धरलं, कारण तो कंपनीच्या युनिफॉर्मवरच दवाखान्यात आला होता आणि बराच वेळ बाहेर बाकावर बसला होता.

"म्हातारी?" तो म्हणाला. "न्हाई बा. एक बाई व्हत्या पन्नाशीच्या, निळ्या साडीत. मला वाटलं, दवाखान्यातल्या मावशी. म्हनल्या, ऑइलचे हात घेऊन लेकराला शिवायचं न्हाई, साबणानं धू. दोनदा धुवायला लावलं."

"दवाखान्यातल्या मावशींची साडी हिरवी होती," मी म्हणाले.

पाळण्याजवळच्या बायका गाणं अर्धवट टाकून आमच्याभोवती येऊन बसल्या.

मी सोडणारी नव्हे. सव्वा महिना झाल्यावर चौकशी केली. गल्लीत घरोघर विचारलं, अशी कोणी बाई कोणाकडे पाहुणी आली होती का? नाही. डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याबरोबर आई आणि सासूबाई, एवढ्याच होत्या. तुम्हाला कोणी आणलं हे मला माहीत नाही. वेळेत आणलं, एवढं माहीत आहे." मग तो रिक्षावाला शोधला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तिघीच बसला होतात की. तुम्ही मधे, दोघी दोन बाजूंना." खरंच, मागच्या सीटवर चौथीला जागाच नव्हती. मी ज्या खांद्यावर डोकं टाकलं होतं तो आईचा नव्हता आणि आत्यांचाही नव्हता. दोघी शपथेवर सांगतात, की माझं डोकं सरळ होतं आणि मी समोर बघत, एकटीच, हजेरी घेत होते.

एका मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने मला समजावलं, की इतकं बीपी वाढलं की मेंदू असे खेळ करतो. मी ते लगेच मान्य केलं. घरी येईपर्यंत सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, की बीपी माझं वाढलं होतं. आई, आत्या आणि दत्ताचं नव्हे.

दुसऱ्या खेपेला, २००५ मध्ये, मी दौंडच्या त्याच दवाखान्यात. या वेळी दोघी विहिणी तयारीनिशी. तपासणीच्या प्रत्येक वारी बाकावरच्या एकेका म्हातारीपाशी जाऊन, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" मांडवगणच्या एका आजींनी तर ऐकवलं, "म्या हिची सासू हाय. तुमच्या पोटात का दुखतंय?" बीपी शेवटपर्यंत एकशे वीस-ऐंशी. मुलगा झाला, सुरळीत. कोणी आलं नाही. खरं सांगू? मला थोडा रागच आला.

त्या दोन साड्यांतली एक आई नेसते, एक आत्या. दोघी एकमेकींना आता अगं-तुगं करतात आणि अजिबात गोड बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे. मुलगी मोठी झाली, ही हकिगत ऐकून डोळे फिरवते.

आणि मी? परीक्षेच्या आधी दर वर्षी मी वर्गाला एकच सांगते — उत्तर येत नसेल तर जागा मोकळी सोडा, उगाच मनाचं काही लिहू नका. इथेही मी ती मोकळीच सोडली आहे.