आमच्या गेटवरचे चपळ म्हातारे

आज मंगळवार, सकाळी अकरा. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत गेटच्या अ‍ॅपची कंपनी ज्येष्ठांचं मत ऐकायला आली होती. पाहुणा आला की फोनवर विचारणा येते, आपण बटण दाबलं की वॉचमन त्याला आत सोडतो, असं ते अ‍ॅप.

डिझायनर मुलीचा पहिलाच प्रश्न, "काकू, अ‍ॅप सोपं आहे ना?"

"अगं, उत्तर तूच दिलंस. मग मला कशाला बोलावलंस?"

ती हसली आणि पडद्यावर आलेख दाखवला. सर्वांत झटपट बटण दाबणारे म्हणे आमच्या बी विंगचे ज्येष्ठ. कमिटीने टाळ्या वाजवल्या.

शेजारचे नेने आजोबा मात्र खाली बघत होते. मी म्हटलं, "अहो, सांगा की."

"अ‍ॅपमध्ये मी माझ्याऐवजी वॉचमनचाच नंबर दिलाय," ते पुटपुटले. "ते एवढंसं बटण मला दिसतच नाही हो."

मागून तिघीचौघी म्हणाल्या, "आम्हीपण."

म्हणजे वॉचमनच विचारतो आणि वॉचमनच हो म्हणतो. एकट्या राहणाऱ्या नेनेंच्या दारात गेल्या आठवड्यात अनोळखी माणूस थेट कसा पोचला, ते आज कळलं.

तरी ती डिझायनर म्हणाली, "पण डेटा तर छान आहे." आपल्याला हवं तेच दिसणं म्हणजे कन्फर्मेशन बायस, हे तिच्याच पहिल्या स्लाइडवर लिहिलेलं होतं.

कंपनीने आणि कमिटीने शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी कळवावं. बटण मोठं कधी होणार, आणि तोवर नेनेंच्या दारात कोण येतंय हे कोण बघणार?

तुमच्या सोसायटीत बटण कोण दाबतं, तेही आज विचारून बघा.