पहिली बैठक मोफत

नाव चंचल आणि धंदा लोकांचं मन थाऱ्यावर आणण्याचा. हा विनोद अहेरीत प्रत्येकानं एकदा तरी केला होता, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटत होतं. चंचलनं नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. केलं, समुपदेशनाची पदविका घेतली आणि गावी परतून झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या. वर्षभरात त्या खुर्च्यांवर सगळ्यात जास्त वेळ कोण बसलं असेल, तर तिची आई कमळा, भाजी निवडत. गावात तिला पागलाइची मॅडम म्हणायचे. आता पागल म्हणवून घ्यायला जिना कोण चढणार?

मग पुण्याच्या एका ऑनलाइन कंपनीनं तिला आपल्या समुपदेशकांच्या यादीत घेतलं. अट एकच होती. तीन महिन्यांत निदान एक तरी माणूस दुसऱ्यांदा परत आला पाहिजे, नाहीतर कंपनीच्या साइटवरचं तिचं पान बंद. पान बंद झालं तर तलाठ्याच्या परीक्षेला बसेन, असा शब्द चंचलनं वडिलांना दिला होता. वडील असे उत्साही की त्यांनी पुस्तकं आणून त्यांना कव्हरंसुद्धा घातली होती.

पानावर स्वतःचा परिचय लिहायचा होता. कंपनीनं इंग्रजीत नमुने पाठवले. त्यांतले सगळे थेरपिस्ट एका साच्यातून काढलेले, मागे कुंडी, पुढे हसू, आणि जो तो तुमच्या प्रवासातला सहप्रवासी. चंचलनं आलापल्लीच्या एस.टी.शिवाय कोणाबरोबर सहप्रवास केला नव्हता, पण तिनंही तसंच ठोकून दिलं. दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या महिन्यात कंपनीनं कळवलं, स्थानिक भाषेत लिहा, लोकांना आपलं वाटेल असं.

चंचल चार दिवस शब्दांशी झटत बसली. सेफ स्पेसचं तिनं सुरक्षित जागा केलं. सेशनला सत्र म्हणावं तर कॉलेजची परीक्षा आठवते, म्हणून तिनं बैठक हा घरगुती शब्द घेतला. शेवटी पान असं झालं: ‘मन मोकळं करायला सुरक्षित जागा. संपूर्ण गोपनीयता. घरच्यांना कळणार नाही. इथे तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही. पहिली बैठक मोफत.’ वाचून तिचं तिलाच भरून आलं.

बिचारी एवढंच विसरली, की गडचिरोली जिल्ह्यात तीस वर्षांपासून दारूबंदी आहे. अशा जिल्ह्यात बैठक काय नि बसणं काय, दोन्ही शब्दांना एकच अर्थ उरतो, आणि सुरक्षित जागा कुठं मिळेल या चिंतेत चांगली चांगली माणसं खंगत असतात.

पहिल्याच दिवशी चौदा जणांनी वेळ नोंदवली. चंचल हवेत तरंगू लागली. फोनही येत होते. एकानं विचारलं, किती जण मिळून आलो तर चालते? तिनं सांगितलं, गटासाठी वेगळी बैठक घेता येईल. दुसऱ्यानं सोबत काय आणायचं ते विचारलं, तर ती म्हणाली, फक्त मोकळं मन आणा. रोज चालेल का, असं तिसऱ्यानं अगदी हळू आवाजात विचारलं. तिनं त्याला समजावलं की सुरुवातीला आठवड्यातून एकदाच बरी, मग गरजेप्रमाणे वाढवू. एवढी जबाबदार सेवा जिल्ह्यात कोणी पाहिली नव्हती.

पहिली वेळ गुणवंतरावांची होती. निवृत्त पोस्टमास्तर, इस्त्रीचा सदरा, हातात फुटाण्यांचा पुडा. खिडकी लावून घेत ते खुर्चीवर बसले. चंचलनं रीतीप्रमाणे पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. त्यांनी ग्लासात पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.

“मॅडम, हे तं नुसतं पाणीच होय.”

चंचलच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. चौदाच्या चौदा एकदम आठवले. तिला इतका संताप आला आणि इतकी लाज वाटली, की चार दिवस घोटलेली पुस्तकी मराठी कुठल्या कुठं पळाली. गुणवंतराव तर तिच्याहून ओशाळले. पोरीच्या वयाच्या बाईपुढं आपण काय मागून बसलो, म्हणून फुटाणे सदऱ्याच्या खिशात कोंबत ते उठले.

“बसा भाऊ,” चंचल म्हणाली. “काऊन लागते तुमाले हे?”

ते उभ्या उभ्याच म्हणाले, “पेल्याबिगर मले कोणी बोलत नाई, बाई. पेलो का बायको भांडते तरी.”

मग ते बसले. तासभर बोलत राहिले. चंचलनं एकही शिकलेलं वाक्य वापरलं नाही, मधूनमधून ‘मग?’ असं विचारलं तेवढंच. जाताना त्यांनी पुढच्या गुरुवारची वेळ मागितली आणि ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

ते जिना उतरताच चंचलनं पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य वाढवलं: ‘येथे दारू मिळत नाही.’ संध्याकाळपर्यंत तेरा जणांनी वेळा रद्द केल्या. त्यांतल्या दोघांनी फसवणूक झाल्याची तक्रारही केली.

गुरुवारी गुणवंतराव आले, बायकोला घेऊन. कंपनीची अट पुरी झाली. वडिलांनी पुस्तकं शेजारच्या रोशनला देऊन टाकली आणि दोन दिवस चंचलशी बोलले नाहीत.

महिनाअखेरीस कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केलं. परिचय फार हृदयस्पर्शी आहे म्हणाल्या, फक्त ते दारूचं वाक्य काढा, त्यात सकारात्मकता नाही.

“ते नाई निघणार, मॅडम,” चंचल म्हणाली. “बाकीचं सारं काढा पाहिजे तं. दारूसाठी नाई, माह्यासाठी कोणी आलं असन, तं तेवढंच वाचून आलं.”