एकच सूचक

नगरपालिकेच्या फाटकाला लागून जी भिंत आहे, तिच्या सावलीत सत्तावीस वर्षं एक टेबल मांडलेलं असे आणि टेबलामागे लोकांचे अर्ज भरून देणारी निरंकबाई. खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही. अर्जातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही, सांगण्यासारखं काही नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहायचं, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला इतक्यांदा ऐकवायची, की लोकांनी तिला तेच नाव पाडलं. तिनेही ते मनावर घेतलं नाही. टेबलाच्या पाटीवर रंगाऱ्याकडून तसंच लिहून घेतलं.

एरवी जन्माचे दाखले आणि नळाचे अर्ज. पण निवडणूक लागली की भाषणं ठोकणारी मोठी मोठी माणसं तिच्यापुढे मास्तरांपुढे उभं राहावं तशी उभी राहायची.

“वय एकवीस पूर्ण? मतदार यादीत नाव आहे? तोंडी नको, यादीची प्रत दाखवा. घरपट्टी थकलेली नसल्याचा दाखला? पालिकेचं कंत्राट घेतलंय का कुठलं? घेतलं असेल तर उगाच माझा कागद खराब करू नका.”

सगळ्यात कडक ती सूचकाबाबत. सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव पुढे करणारा, त्याच प्रभागातला मतदार. एका मतदाराने एकाच उमेदवारासाठी सही करायची. दोघांसाठी केली, तर आधी दाखल झालेला अर्ज धरतात आणि नंतरचा उडवतात. म्हणून तिचे दोन दंडक होते. सूचकाला टेबलापाशी आणायचं आणि तोंडावर विचारायचं, “आणखी कुणाला सही दिली आहे का?” आणि अर्जाचे संच दोन टाकायचे, दोघा वेगळ्या सूचकांचे, म्हणजे एक उडाला तरी दुसरा राहतो. लोक कुरकुरायचे, पण तिच्या हातचा एकही अर्ज छाननीत बाद झाला नव्हता. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

आता हिलाच उभं राहायची बुद्धी का झाली? तर तिच्या प्रभागातून जाणाऱ्या नाल्यामुळे. पलीकडे दवाखाना, अलीकडे वस्ती, आणि मध्ये लोकांनी टाकलेल्या दोन फळ्या. पुलासाठी तिने स्वतःच्या अक्षरात अकरा अर्ज केले होते, पोच घेऊन. प्रत्येक अर्ज नगरसेवकाच्या शेऱ्यावर अडायचा. हा नगरसेवक म्हणजे सगळे ज्याला कंत्राटदार म्हणत तो. कंत्राटं कागदोपत्री त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, त्यामुळे कायद्याला त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. गेल्या वर्षी शेजारीण त्या फळ्यांवरून घसरली आणि कंबर मोडून चार महिने पडून राहिली. तेव्हा निरंकबाई म्हणाली, “अर्ज खूप झाले. आता तो शेरा मीच मारते.”

नवऱ्याने कधी नव्हे ते लगेच मान डोलावली. पण त्याची सही कामाची नव्हती. जगाचे कागद सुधारणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव मतदार यादीत शेजारच्या प्रभागात पडलं होतं, आणि ते दुरुस्त करायला तिला सात वर्षांत वेळ मिळाला नव्हता.

राहिला धाकटा भाऊ. त्याचं बोळात चष्म्याचं दुकान. आई लवकर गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दुकानाचा परवाना काढून देण्यापर्यंत सगळं तिने केलं. ती त्याला ‘माझा सूचक हो’ म्हणाली तेव्हा त्याने चटकन होकार दिला, आणि मग सहज बोलल्यासारखं विचारलं, “ताई, माझी एकट्याची सही पुरेल ना?”

“पुरते. तरी शेजारणीचीही घेणार आहे. काठी टेकत येते म्हणालीय.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे सख्ख्या भावावरही तुझा भरवसा नाही. लोक काय म्हणतील, बहिणीला भावाची सही कमी पडली?”

तिला लाज वाटली. पोर दुखावलं, एवढंच तिला दिसलं. तिने शेजारणीला येऊ नको म्हणून निरोप धाडला. भावाने गुरुवारी टेबलापाशी येऊन सही केली, तेव्हा सत्तावीस वर्षांचा तो प्रश्नही तिने विचारला नाही. उलट त्याच्यासाठी चहा मागवला. शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, मुदत संपायच्या आधी दीड तास तिने एकच संच दाखल केला. बाहेर आली तेव्हा तिचा ऊर भरून आला होता.

छाननी शनिवारी होती. पालिकेच्या सभागृहात निवडणूक अधिकारी एकेक अर्ज वाचत होता. तिचा अर्ज हातात आल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बाई, नियम मी तुम्हाला काय सांगणार,” तो म्हणाला. “तुमच्या सूचकाने आधीच एका अर्जावर सही केलेली आहे. तो अर्ज सोमवारी सकाळी दाखल झालाय.”

“नावासारखं नाव असेल साहेब. यादीत एकाच नावाचे चार निघतात.”

त्याने कंत्राटदाराचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. कंत्राटदाराचे कागद त्याचा वकील भरायचा, त्यामुळे ते तिच्या टेबलावर कधी आले नव्हते. तिने सूचकाचा यादीतला अनुक्रमांक पाहिला, मग सही पाहिली. सहीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सही भावाचीच होती. समोरच्या रांगेत कंत्राटदार बसला होता; त्याने तिला अदबीने नमस्कार केला.

“दुसरा संच असेलच की तुमचा,” अधिकारी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

“नाही,” ती म्हणाली.

तिथून ती तडक बोळात गेली. भाऊ दुकानात फ्रेम पुसत बसला होता. तिला पाहून त्याने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

“सोमवारी त्याला सही दिलीस?”

“दिली.”

“का?”

“नव्या बाजारात रस्त्याकडचा गाळा देतो म्हणाला. ताई, या बोळात मी अजून किती वर्षं काढायची?”

 तिला राग आला होता, पण त्याच्या बाजूने बोलायची जुनी सवयही होती, आणि तीच आधी तोंडातून बाहेर पडली. “त्याने गाठलं असेल, तुला नाही म्हणवलं नसेल. समजू शकते मी. पण मला त्याच दिवशी येऊन सांगायचंस. मी रागावले असते, तासाभराने निवळले असते. शेजारणीची सही घेतली असती. तुला गाळाही मिळाला असता आणि माझा अर्जही राहिला असता. नुसतं सांगितलं असतंस तरी पुरलं असतं रे.”

त्याने हातातली फ्रेम कपाटात ठेवली, कपाटाची काच लावली.

“सही करायला त्याला शंभर माणसं होती, ताई,” तो म्हणाला. “गाळा सहीसाठी नाही देत तो. तुझा दुसरा संच जाऊ द्यायचा नाही, यासाठी देतोय. तुझ्याकडून ते दुसऱ्या कोणाला करून घेता आलं नसतं.”

हे सांगताना त्याने मान खाली घातली होती, पण आवाज कुठे अडखळला नाही. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.