विरजणाची माती

पन्नास सालच्या आसपास मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. पेरणीच्या तोंडावर उचगावात एका विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. त्याची बातमी आणायला मी सायकलवरून गेलो. इंजिनाचा मालक जागेवर नव्हता. शेजारच्या बांधावर पन्नाशीची एक बाई खुरप्याने उन्हाळीची झुडपं उपटत होती. उन्हाळी म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं, जांभळ्या फुलांचं रानझाड. झाडं ती बाजूला टाकत होती आणि त्यांच्या बुडची माती पाटीत भरत होती.

मी विचारलं, "माती कशाला?"

"विरजण हाय ह्ये. भुईमुगाच्या बियाला चोळायचं, मग भुईत टोकायचं."

"मातीला विरजण?"

"का? दूध आपसूक दही हुतंय व्हय? पावणं, तुमच्या घरात कोण लावतंय विरजण? तुमी न्हाय, ते दिसतंयच."

तिने एक झाड माझ्यापुढे धरलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. "ह्या गाठी बघा. ज्याला ह्या, त्याच्याच बुडची माती घ्यायची. टाकळा उपटून बघा, त्याला न्हाईत. आमच्या आईनं दावलंय."

पुढचंही तिनेच सांगितलं. ती विधवा होती. माळाचा एक तुकडा दिराने नुकताच सपाट केला होता. तो त्याने तिला एका वर्षाच्या बोलीवर कसायला दिला होता. पीक आलं तर तुकडा तिच्याकडे राहणार, नाहीतर तो परत घेणार. नव्या जमिनीत विरजण लागतंच, असं तिचं म्हणणं होतं.

इंजिनाची बातमी चार ओळींची झाली. पानाच्या तळाला एक चौकट रिकामी होती. तिथे मी या बाईवर मजकूर लिहिला. संपादकांनी मथळा दिला, 'जमिनीचं दही'. नाव मी छापलं नाही, पण गाव आणि विहीर छापली. टाकळ्याची आणि गाठींची गोष्ट गाळली. ती घेतली असती तर बाई शहाणी दिसली असती आणि विनोद पडला असता. हे मला लिहितानाच कळलं होतं.

अंक चावडीवर मोठ्याने वाचला गेला. लोक तिला 'विरजणवाली' म्हणू लागले. दिराने पाटी ओढ्यात रिकामी केली आणि बियाणं तसंच टोकायला लावलं. हे मला श्रावणात समजलं. इंजिनाच्या मालकाने हसत हसत सांगितलं. तो तुकडा मी तेव्हाच जाऊन पाहिला. भुईमूग पिवळा पडला होता, वीतभरही वाढला नव्हता. एक रोप उपटलं. मुळं स्वच्छ होती, एकही गाठ नव्हती. विरजण लावलं असतं तर पीक आलंच असतं, हे मला सिद्ध करता येणार नाही. सुगीनंतर दिराने तुकडा परत घेतला, एवढं नक्की.

श्रावणातल्या त्याच फेरीत मी बांधावरचं एक उन्हाळीचं झाड रुमालात बांधून घेतलं आणि वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे नेलं. त्यांनी गाठ कापली. आतून ती गुलाबी होती. तिचा रस काचपट्टीवर पसरून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. बारीक कांड्यांसारखे असंख्य जंतू दिसले. हे हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, मुळाभोवतीच्या मातीतही राहतात आणि तिथून दुसऱ्या पिकाच्या मुळात शिरू शकतात, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "आपल्या शेतकऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं, हीच अडचण आहे."

मी मान डोलावली.

यावर मी लिहिलेला लेख पहिल्या पानावर आला. त्यात प्राध्यापक होते, सूक्ष्मदर्शक होता आणि शेतकऱ्याच्या अज्ञानाचं ते वाक्यही होतं. बाई नव्हती. तिचं नाव काढलं तर आपणच तिची चेष्टा केली होती, हेही छापावं लागलं असतं.

अंक घेऊन मी उचगावला गेलो. ती दिराच्या अंगणात शेंगा फोडत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. "मंजे माझं खरं हुतं की. माझं नाव हाय काय त्यात?"

अज्ञानाचं वाक्य मी वाचताना वगळलं होतं. आता कागदावर बोट ठेवून तिथे नसलेलं एक वाक्य वाचलं. "उचगावच्या एका अनुभवी बाईंना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती."

तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. दुसऱ्यांदा शब्द थोडे बदलले, पण तिच्या ध्यानात आलं नसावं.

"कागूद ठिवून जावा. लेक गडहिंग्लजला दिलीया, तिला वाचता येतंय. दिवाळीला आली की दिराम्होरं वाचाय लावतो."

मी म्हणालो, कचेरीत ही एकच प्रत उरली आहे, परत द्यावी लागेल.

"असं व्हय. मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि पदरातल्या मूठभर शेंगा तिने माझ्या हातावर ठेवल्या.

अंकाची घडी घालून मी खिशात ठेवली. कचेरीच्या माडीवर त्याच अंकाच्या प्रतींचा अख्खा गठ्ठा पडून होता.